पाठराखण

विल्मार लाकुएस्ताला तुम्ही समोरून पाहिलंत,
मी मागून.
अकरा वर्षं, नऊ नंबरच्या शिवणीला
नाक टेकवून.

त्याच्या मानेवर डावीकडे तीळ आहे.
कापराच्या मलमाचा वास यायचा त्याला,
आणि वळायच्या आधी तो
एवढासा श्वास आत ओढायचा,
पोळेल म्हणून घाबरत माणूस
पहिला घोट घेतो तसा.
मला ऐकू यायचा तो. कळायचं.
कळून उपयोग काय?
कळलं तेव्हा तो गेलेला असायचा
आणि जाळं हलत असायचं
वाऱ्यावर वाळत घातलेल्या चादरीगत.

पायसान्दूत तेव्हा दोनच तऱ्हेची माणसं.
आम्ही कत्तलखान्याकडची, ती रेल्वे यार्डाकडची.
शनिवारी मी बैल सोलायचो
आणि रविवारी त्याला धरायचो.
बैल सोपे होते.

चौऱ्याहत्तरचा तो गोल तुम्हाला पाठ आहे.
रेडिओवाला इतका लांब ओरडला
की नदीपलीकडच्या कोळ्यांनी
वल्ही थांबवली म्हणे.
माझं नाव त्यात एकदाच आलं:
"पेरुच्चो मागे राहिला."
त्यानंतर मी जाईन तिथे,
न्हाव्याकडे, लग्नात, कुणाला खांदा देताना,
पेरुच्चो मागे राहिला.

तो गेला. मोन्तेविदेओ, मग समुद्रापार जिनोआ.
फोटो यायचे: केस खांद्यावर, गाडी पांढरी,
नेल्बाच्या गळ्यात कसल्याशा जनावराची कातडी.
लोक म्हणाले, मिंक.
मला कातडं कळतं. ससा होता.

पुढे गुडघा तीनदा उघडला,
तिसऱ्यांदा नीट मिटलाच नाही.
नेल्बा तिकडेच राहिली.
हा आला, बसने, पहाटे,
आणि वडलांच्या जागेत रंगाचं दुकान घातलं.
लिटरवर रंग विकतो. उधारी देत नाही.
नव्या पोरांना वाटतं, हा जन्मापासून
रंगवालाच असणार.

मग नगरपालिकेला जाग आली.
चौकात पुतळा, ब्राँझचा,
डावा पाय हवेत,
तो प्रख्यात डावा पाय.
लोक म्हणाले, गावाला लाभलेला पायगुण.
कोणत्या पायाचा, ते कोणी विचारलं नाही.

मी सांगतो. चेंडू माझ्या घोट्याला लागून उडाला
आणि त्याच्या उजव्या नडगीवर आदळून आत गेला.
त्याला दिसलाही नव्हता.
हे आम्हा दोघांनाच माहीत आहे.
रेफ्री वारला.

उद्घाटनाला त्याने मला चौथऱ्यावर उभं केलं,
स्वतःच्या मागे. सवयीची जागा.
भाषणं झाली, फीत झाली, बँड झाला.
उतरायला तीन पायऱ्या होत्या.
पहिल्या पायरीशी तो थांबला
आणि मला तो श्वास ऐकू आला.
एवढासा.

माझा हात आपसूक पुढे गेला,
शर्ट धरला त्याचा, मुठीत, घट्ट.
फाऊल द्यायला कोणी नव्हतं.
तो सुटला नाही.
तिन्ही पायऱ्या आम्ही तसेच उतरलो.
खाली आल्यावर म्हणाला,
"सोड आता, बटण तुटेल."

हल्ली दर वसंतात ओर्नेरोची जोडी येते,
पुतळ्याच्या त्या उचललेल्या पायावर
चिखलाचं घरटं लिंपते,
पाव भाजायच्या भट्टीसारखं, घुमटाचं.
पालिकेचा माणूस शिडी घेऊन येतो.
विल्मार दुकानातून लंगडत जातो, हातात ओला ब्रश,
आणि त्याला हाकलून लावतो:
"राहू दे रे.
त्या पायाने दुसरं केलंय काय?"